प्रायव्हेटबिन आपल्याच सर्व्हरवर: काय कुठे ठेवायचं आणि कुणाला काय दिसतं

लॉगच्या दोनशे ओळी, कॉन्फिगचा एखादा तुकडा, नव्या माणसाला द्यायचा तात्पुरता पासवर्ड. या गोष्टी चॅटमध्ये चिकटवल्या की तिथेच पडून राहतात, आणि फुकटच्या पेस्ट साइटवर (मजकूर चिकटवला की त्याची लिंक देणारी साइट) टाकल्या तर कुणाच्या डिस्कवर जाऊन बसल्या हे कळायला मार्ग नसतो. मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. कुणी विचारलं की एकच सांगते: प्रायव्हेटबिन, म्हणजे स्वतः चालवायची पेस्ट साइट, आपल्याच मशीनवर टाका. टाकायला वेळ लागत नाही. वेळ द्यायचा तो दोन गोष्टींना, कुठलं फोल्डर वेबला दिसतं आणि कुठलं दिसत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. सेबॅस्टियन सोव्हाज यांनी झिरोबिन नावाचं प्रोग्राम लिहिलं होतं, त्याची पुढे वेगळी वाट धरलेली शाखा म्हणजे प्रायव्हेटबिन. पीएचपीत लिहिलेलं आहे आणि डेटाबेस नसला तरी चालतं. मुख्य गंमत अशी की मजकूर तुमच्या ब्राउझरमध्येच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा बनतो, २५६ बिटांच्या एईएस पद्धतीने, आणि मगच सर्व्हरकडे जातो. किल्ली लिंकमध्ये हॅश चिन्हाच्या पुढे असते. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला कधीच पाठवत नाही. म्हणजे सर्व्हरवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून बसलेल्या मलाही तुमची पेस्ट वाचता येत नाही.

मात्र एक मेख आहे. एन्क्रिप्ट करणारी जावास्क्रिप्ट सर्व्हरच पाठवतो. ज्याच्या हातात सर्व्हर, तो ती बदलू शकतो आणि किल्ली गुपचूप बाहेर काढू शकतो. म्हणून अनोळखी माणसाने चालवलेल्या प्रायव्हेटबिनवर 'आम्हाला काही दिसत नाही' असं लिहिलेलं असलं तरी तो शेवटी विश्वासाचाच मामला. स्वतः चालवायचं कारण हेच.

तयारी

छोट्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) पुरतो. त्यावर मी बहुतेक वेळा डेबियन लिनक्स घेते, त्यामुळे खालची वाट डेबियनची समजा. दुसरीकडे जिथे फरक पडतो तिथे सांगेन. टर्मिनलमध्ये नेमकी कुठली ओळ टाइप करायची ते सिस्टिमप्रमाणे बदलतं, म्हणून मी काम सांगते. आज्ञा तुम्हाला मॅन्युअलमध्ये मिळेल.

लागणाऱ्या गोष्टी: एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा भाग), पीएचपीचं जीडी एक्स्टेन्शन (पेस्टखालच्या चर्चेत नावांशेजारी चित्रं येतात त्यासाठी) आणि झेडलिब (मजकूर दाबून लहान करणारं). डेबियनच्या पीएचपीत झेडलिब आधीच असतं. फ्रीबीएसडीवर त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, ते लोक हमखास विसरतात. पीएचपी ७.४ किंवा त्यापुढचं हवं. डेबियन १२ मध्ये ८.२ येतं, तेव्हा काळजी नाही.

एक सबडोमेन काढा आणि त्याची डीएनएस नोंद सर्व्हरकडे वळवा. मुख्य साइटच्या आत एका फोल्डरमध्येही हे चालतं, पण मला ते आवडत नाही. एकाच डोमेनवर दुसरं एखादं गळकं अ‍ॅप असेल तर त्याची स्क्रिप्ट तुमच्या पेस्टच्या पानात डोकावू शकते. सबडोमेन वेगळं असलं की ब्राउझरच मध्ये भिंत घालतो.

फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ ही पोर्ट उघडी ठेवा, आणि अर्थात तुमचं एसएसएचचं.

फायली उतरवणं आणि त्यांची वाटणी

गिटहबवरून शेवटची प्रकाशित आवृत्ती घ्या, मुख्य शाखेची त्या दिवशीची अवस्था नको. प्रत्येक आवृत्तीसोबत जीपीजी सहीची फाइल (मूळ फाइल कुणी बदललेली नाही याचा पुरावा) असते, ती पडताळा. मिनिटाचं काम आहे, आणि ज्या प्रोग्रामचा सगळा डोलारा 'मधल्या कुणी जावास्क्रिप्ट बदललेली नाही' यावर उभा आहे, त्याच्या बाबतीत तरी ते टाळू नये.

टारबॉल (उतरवलेली गठ्ठा-फाइल) सोडला की आत बरीच फोल्डरं दिसतात. इथे नीट लक्ष द्या. सगळंच्या सगळं वेबरूटमध्ये (वेबला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) ओतलं तरी साइट चालू होते, आणि म्हणूनच बरेच जण तिथे थांबतात. पण डेटा, कॉन्फिग आणि पीएचपीचा आतला कोड वेबला दिसेल अशा जागी ठेवायचं कारणच नाही. मी दोन जागा करते. 'व्हार' खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' मध्ये 'पेस्ट' नावाचं फोल्डर, हे वेबला दिसणारं. आणि 'व्हार' खालच्या 'लिब' मध्ये 'प्रायव्हेटबिन' नावाचं फोल्डर, हे न दिसणारं.

न दिसणाऱ्या जागेत जातात: सीएफजी, लिब, टीपीएल, व्हेंडर, बिन, आणि डेटा. डेटा हे फोल्डर आधी नसतं, ते आपण रिकामं तयार करायचं. वेबरूटमध्ये राहतात: इंडेक्स डॉट पीएचपी, सीएसएस, जेएस, आयएमजी आणि आय-अठरा-एन. हे शेवटचं भाषांतरांचं फोल्डर आहे. ते पीएचपीचं सामान वाटतं म्हणून हलवायचा मोह होतो, पण ब्राउझर त्यातल्या जेसन फायली थेट मागतो. ते तिथेच राहू द्या.

आता इंडेक्स डॉट पीएचपी उघडा. अगदी वरच 'पाथ' नावाचा स्थिरांक रिकामा ठेवलेला असतो. त्यात न दिसणाऱ्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा आणि शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. ती रेघ नसेल तर प्रोग्राम 'प्रायव्हेटबिन' आणि 'व्हेंडर' ही नावं एकमेकांना चिकटवून भलतंच फोल्डर शोधत बसतो आणि पान कोरं येतं.

मालकीचं गणित सोपं ठेवा. कोड सगळा रूटच्या मालकीचा, वेबच्या युजरला फक्त वाचण्यापुरता. लिहिण्याची परवानगी एकाच फोल्डरला, डेटाला. डेबियनवर तो युजर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', फ्रीबीएसडीवर नुसता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. डेटा फोल्डरला ७०० (सगळं फक्त मालकाला) ठेवा, कॉन्फिगला ६४० (मालकाला लिहिता, ग्रूपला फक्त वाचता येईल असं) आणि त्याचा ग्रूप वेबच्या युजरचा. कुठल्याही मार्गदर्शिकेत ७७७ (सगळ्यांना सगळं) दिसलं की ती बंद करा.

रॉकी किंवा अल्मा लिनक्स वापरणाऱ्यांसाठी दोन सापळे आहेत. पहिला, तिथे एन्जिनएक्स टाकलं तरी पीएचपी-एफपीएम मुळात 'अपाचे' या युजरने चालतं, त्यामुळे डेटाची मालकी 'एन्जिनएक्स'ला देऊन उपयोग नाही. दुसरा, एसईलिनक्स, म्हणजे साध्या परवानग्यांवरचा आणखी एक पहारा. परवानग्या सगळ्या बरोबर दिसतात आणि तरी 'परमिशन डिनाइड' येतं. अशा वेळी लोक एसईलिनक्सच बंद करून मोकळे होतात. तसं करू नका. सेमॅनेजने डेटा फोल्डरला वेब सर्व्हरला लिहिता येईल असा टाइप द्या, मग रिस्टोअरकॉन चालवा. दोन आज्ञांत प्रश्न मिटतो.

एन्जिनएक्स आणि सर्टिफिकेट

सर्व्हर ब्लॉक (एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधला या साइटचा भाग) साधाच असतो. त्यातला रूट (इथे युजर नव्हे, साइटचं मूळ फोल्डर) म्हणजे ते 'पेस्ट' फोल्डर, इंडेक्स म्हणजे इंडेक्स डॉट पीएचपी, आणि पीएचपीच्या विनंत्या एफपीएमच्या सॉकेटकडे. सॉकेटच्या नावात पीएचपीची आवृत्ती असते. सिस्टिम अपग्रेड झाल्यावर अचानक ५०२ (एन्जिनएक्सला एफपीएम सापडत नाही) दिसायला लागलं तर आधी तिथे बघा. बदल केला की एन्जिनएक्सकडून कॉन्फिग तपासून घ्या आणि मगच रीलोड करा.

सर्टिफिकेट इथे हौसेची गोष्ट नाही. एचटीटीपीएस नसेल तर प्रायव्हेटबिन चालतच नाही, कारण ब्राउझर आपली क्रिप्टो सोय सुरक्षित जोडणीवरच उघडी करतो. अपवाद फक्त लोकलहोस्टचा. म्हणजे आयपी पत्ता टाकून 'आधी नुसतं चालतंय का बघू' म्हणाल तर पान येईल, पेस्ट होणार नाही, आणि तुम्ही पीएचपीत चूक शोधत बसाल. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणून बसवणारा प्रोग्राम) घ्या, त्याचं एन्जिनएक्सचं प्लगइन घ्या, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट बसवा आणि नूतनीकरणाची रंगीत तालीम एकदा चालवून बघा. ८० नंबरचं पोर्ट त्यासाठीच उघडं ठेवायला सांगितलं.

साइटच्या पुढे एखादा सीडीएन (पानं आणि फायली पोचवणारी मधली सेवा) बसवणार असाल तर त्याची जावास्क्रिप्ट 'हलकी' करण्याची किंवा मागून लोड करण्याची सोय बंद ठेवा. प्रायव्हेटबिनच्या पानात प्रत्येक स्क्रिप्टचा हॅश (लिंकमधलं हॅश चिन्ह नव्हे, स्क्रिप्टच्या मजकुरावरून काढलेला ठसा) लिहिलेला असतो. वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ब्राउझर ती स्क्रिप्ट चालवायला नकार देतो. तो नकार आपल्या फायद्याचाच आहे, पण कारण माहीत नसेल तर डोकं खातो. प्रायव्हेटबिन स्वतःची कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीही (पानात काय चालू द्यायचं याचे नियम) पाठवतं, तेव्हा सगळ्या साइट्सना लावायचा तुमचा ठरलेला हेडर इथे लावू नका.

कॉन्फिगमध्ये मी काय बदलते

सीएफजीमध्ये नमुन्याची फाइल असते, तिची प्रत करून 'कॉन्फ डॉट पीएचपी' असं नाव द्या. ही दिसायला पीएचपी असली तरी आत साधी आयएनआय पद्धत आहे. पहिली ओळ विचित्र दिसते, तिला हात लावू नका. कुणी ही फाइल चुकून थेट मागितलीच तर ती ओळ ४०३ (परवानगी नाही) देऊन दार बंद करते.

पेस्टची मुदत मुळात एक आठवडा असते, मी ती एक दिवस करते. 'कधीच नाही' हा पर्यायच काढून टाकते, त्या ओळीपुढे अर्धविराम दिला की झालं. कायमचं ठेवायचं असेल त्याची जागा विकी आहे, इथे नाही. चर्चेची सोय बंद. फाइल अपलोड मुळातच बंद असतं, ते तसंच राहू देते. पेस्टला पासवर्ड लावायची सोय चालू हवी, त्याचं कारण पुढे येईल.

डेटा कुठे ठेवायचा ते मॉडेलच्या भागात असतं, आणि मुळात 'पाथ' च्या आतलं 'डेटा' असंच लिहिलेलं असतं. आपण पाथ बदलला आहे, त्यामुळे ते आपोआप योग्य जागी जातं. डेटाबेस हवा असेल तर तोही जोडता येतो. दहा-वीस माणसांच्या टीमला त्याची गरज मला कधी दिसलेली नाही.

पेस्टच्या आकाराच्या मर्यादेचा आकडा मुळात १ कोटी बाइट, म्हणजे सुमारे १० एमबी. पण हा एकटा आकडा कामाचा नाही. एन्जिनएक्स स्वतः विनंतीचं अंग १ एमबीपेक्षा मोठं घेत नाही, आणि पीएचपीची पोस्टची मर्यादा मुळात ८ एमबी असते. वर एन्क्रिप्ट झालेला मजकूर बेस-६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) जातो तेव्हा एक तृतीयांशाने फुगतो. लॉग आधी दाबला जातो म्हणून साध्या मजकुराला सहसा अडत नाही. अपलोड चालू करून कुणी स्क्रीनशॉट चढवला की मात्र ब्राउझरमध्ये 'सर्व्हर प्रतिसाद देत नाही' अशा थाटाचा मोघम संदेश येतो आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ४१३ (विनंती फार मोठी) दिसतं. मर्यादा वाढवायची तर तिन्ही ठिकाणी वाढवा, आणि एन्जिनएक्सची व पीएचपीची प्रायव्हेटबिनपेक्षा थोडी जास्तच ठेवा.

ट्रॅफिकच्या भागात एका पत्त्यावरून दर १० सेकंदांना एकच पेस्ट, अशी मर्यादा असते. एन्जिनएक्स थेट एफपीएमशी बोलत असेल तर हे ठीक चालतं. पण पुढे आणखी एक प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) असेल, किंवा प्रायव्हेटबिन डॉकरमध्ये (बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये) असेल, तर सगळी टीम त्याला एकाच पत्त्यावरून आलेली दिसते. मग एकाने पेस्ट केली की बाकीच्यांना 'थांबा' म्हणतं. त्यासाठी 'एक्स फॉरवर्डेड फॉर' चा (मूळ आयपी कळवणारा) हेडर सांगायची ओळ कॉन्फिगमध्ये आहे. समोर खरोखर प्रॉक्सी नसताना ती चालू करू नका, कारण तो हेडर कुणीही मनाने लिहून पाठवू शकतो आणि मर्यादा फोलच ठरते.

त्याच भागात 'क्रिएटर्स' नावाचा पर्याय आहे. त्यात ऑफिसचे किंवा व्हीपीएनचे आयपी लिहिले की पेस्ट तिथूनच करता येते, वाचता मात्र कुठूनही येते. इंटरनेटवर उघडी टाकलेली पेस्टची जागा फसवणुकीच्या पानांसाठी आणि चोरीच्या याद्यांसाठी वापरली जाते, आणि तक्रार तुमच्या डोमेनवर येते. आत काय आहे ते तुम्हाला वाचता येत नसल्याने तुमच्याकडे उत्तरही नसतं. सार्वजनिक सेवाच द्यायची नसेल तर ही ओळ भराच.

खरंच दिसत नाही ना, ते बघा

आता एक पेस्ट करा, आत 'नमस्कार' एवढंच लिहा. मग सर्व्हरवर डेटा फोल्डरमध्ये जा. पेस्टचा आयडी १६ अक्षरी असतो. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाचं एक फोल्डर, त्यात पुढच्या दोन अक्षरांचं दुसरं, आणि त्यात आयडीच्या नावाची पीएचपी फाइल. ती उघडा. पहिली ओळ तीच ४०३ वाली. खाली जेसन: 'सीटी' समोर न कळणारी अक्षरं, म्हणजे तुमचा 'नमस्कार'. आणि 'एडेटा' समोर काही आकडे: १०००००, २५६, १२८. म्हणजे किल्ली घडवताना पीबीकेडीएफ२ च्या १ लाख फेऱ्या झाल्या, किल्ली २५६ बिटांची, मजकूर कुणी बदललेला नाही हे दाखवणारा शिक्का १२८ बिटांचा. शेजारी एईएस, जीसीएम, झेडलिब ही नावं. पेस्ट साधा मजकूर आहे की कोड, आणि एकदा वाचल्यावर जळून जाणारी आहे का, हेही तिथे उघडं असतं.

तेव्हा सर्व्हरला काहीच कळत नाही असं समजू नका. मजकूर केवढा, कधी केला, मुदत किती, कुठल्या आयपीवरून आला आणि कुठल्या आयपीवरून वाचला गेला, एवढं कळतं. एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये आयडीही उमटतो. किल्ली मात्र नाही. लॉग उघडून स्वतः खात्री करा, हॅशच्या पुढचं काही तिथे सापडणार नाही.

किल्ली खरी फुटते ती दुसरीकडेच. आपण अख्खी लिंक चॅटमध्ये टाकतो, म्हणजे किल्ली चॅटच्या इतिहासात गेली. पेस्ट जिवंत आहे तोवर तो इतिहास वाचणारा कुणीही ती उघडू शकतो. म्हणून नाजूक गोष्टीला पासवर्ड लावावा आणि तो फोनवर सांगावा. किंवा एकदा वाचल्यावर जळणारी पेस्ट करावी. ती उघडताना हल्लीच्या आवृत्त्या आधी विचारतात, आता दाखवू का म्हणून. समोरच्याला ती आधीच जळलेली आढळली तर दुसऱ्या कुणीतरी वाचली, हे निदान लगेच कळतं.

वेबवरून शेवटची एक चाचणी. ब्राउझरमध्ये तुमच्या सबडोमेनपुढे 'सीएफजी' आणि 'डेटा' टाकून बघा. पेस्टचं पान किंवा ४०४ आलं तर वाटणी बरोबर झाली. फोल्डरची यादी किंवा ४०३ आलं, तर ती फोल्डरं अजून वेबरूटमध्येच आहेत.

डॉकर, टर्मिनल आणि झाडलोट

डॉकरवाल्यांसाठी अधिकृत इमेज आहे, आत एन्जिनएक्स आणि एफपीएम दोन्ही, अल्पाइन लिनक्सवर, पोर्ट ८०८०. फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवूनही ती चालते. डेटाचं व्हॉल्यूम बाहेरून जोडा आणि त्याची मालकी युजर ६५५३४, ग्रूप ८२ ला द्या. एचटीटीपीएस पुढच्या प्रॉक्सीवर. वरचं हेडरचं प्रकरण इथे लागू होतं.

टर्मिनलमधून पेस्ट करायची सवय असेल तर पायथनमधला पीबिनसीएलआय चांगला आहे, तो आपल्या मशीनवरच एन्क्रिप्ट करून पाठवतो. फीश नावाचा छोटा सर्व्हरही लोक वापरतात, नेटकॅटने ९९९९ पोर्टवर मजकूर ढकलला की लिंक मिळते. फार सुटसुटीत, पण मजकूर उघडाच जातो आणि उघडाच पडून राहतो. बिल्डचे लॉग वगैरे ठीक, पासवर्ड नाही.

मुदत संपलेल्या पेस्ट आपोआप जातात, पण तो झाडू नवी पेस्ट होताना फिरतो, तोही जास्तीत जास्त दर ३०० सेकंदांनी एकदा आणि १० पेस्टच्या गठ्ठ्याने. कुणी आठवडाभर काही टाकलं नाही तर जुनं सामान डिस्कवर तसंच राहतं. त्यासाठी बिन फोल्डरमधली ॲडमिनिस्ट्रेशनची स्क्रिप्ट 'पर्ज' पर्यायासह रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालवा, वेबच्या युजरच्या नावाने. रूटच्या नावाने नको.

बॅकअप मी फक्त कॉन्फिगचा घेते, डेटाचा नाही. माणसाने एक दिवसाची मुदत ठेवून टाकलेली गोष्ट माझ्या बॅकअपमध्ये तीन महिने राहत असेल तर ती मुदत खोटी. सर्व्हर उडाला आणि पेस्ट गेल्या तर लोक पुन्हा टाकतील.

अपडेटच्या वेळी इंडेक्स डॉट पीएचपी नवीन येतं आणि त्यात पाथ पुन्हा रिकामा असतो. तो भरायचा राहिला आणि सगळा टारबॉल वेबरूटमध्येच सोडलेला असला, तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. नवीन व्हेंडर शेजारीच सापडतं, कॉन्फिग नाही म्हणून मुळातल्या सेटिंग्ज लागू होतात, साइट हसतमुखाने उघडते, आणि जुन्या लिंकवर मात्र पेस्ट अस्तित्वात नाही असा संदेश येतो. म्हणून अपडेटच्या आधी एक पेस्ट करून ठेवा, पाथ भरा, न दिसणारी फोल्डरं त्यांच्या जागी बदला, आणि मग नवी पेस्ट करण्याआधी ती जुनी लिंक उघडून बघा.